पासिंग संपलं म्हणजे गाडी संपली का?

गेल्या नोव्हेंबरात आमच्या गाडीच्या आरसी बुकावरची तारीख संपत आली आणि घरात खल सुरू झाला. नागपूरला नोकरीला असलेला मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आता काढून टाका, नवी घेऊ." शेती पाहणाऱ्या धाकट्या भावाचं म्हणणं, चालते तोवर चालवावी. राळेगावच्या ज्या मिस्त्रीकडे ही गाडी बारा वर्षांपासून जाते, त्याने बोनेट उघडून आत डोकावलं आणि म्हणाला, "सर, हे गाडी मराची नाई. तुमीच आंधी कंटाळसान."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. वाद घालण्यापेक्षा वही काढणं मला सोपं पडतं. त्या वहीत जे उतरलं ते इथे मांडतो, कारण आमच्या भागात दर चौथ्या-पाचव्या घरापुढे अशी एखादी दहा-पंधरा वर्षांची गाडी उभी आहे आणि प्रत्येक घरात हाच प्रश्न अर्धवट सोडलेला आहे.

आधी कायद्याचं

पारावर बसलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, "पंधरा वर्षं झाली का सरकार गाडी भंगारात काढते." तसं काही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी होते. ती संपली की गाडी आरटीओला दाखवायची; ठीक निघाली तर नोंदणी पाच वर्षांनी वाढते. त्यानंतर पुन्हा पाच. आपण ज्याला 'पासिंग करून आणलं' म्हणतो ते हेच. दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायची नाही, हा नियम दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या एनसीआर पट्ट्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाने लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला. बातमी दिल्लीची, घाबरतो यवतमाळवाला. या घबराटीत चांगल्या चालत्या गाड्या मातीच्या भावात गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि घेणारे त्याच गाड्या पासिंग करून आजही फिरवत आहेत.

पैसे मात्र लागतात. कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. वीस वर्षं ओलांडलेल्या कारसाठी ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने ती १०,००० वर नेली. शिवाय आपल्या राज्यात पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला पर्यावरण कर आहे, तो पाच वर्षांचा एकदम घेतात. तपासणीची फी वेगळी. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. चारचाकीला तिचे ७४५ रुपये अधिक जीएसटी. बीएस-४ या प्रदूषण निकषाच्या आधीची गाडी असेल तर पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचा दाखला, वर्षभराची मिळत नाही, दर सहा महिन्यांनी काढावी लागते. माझं सगळं मिळून दहा हजारांत आटोपलं. पाच वर्षांवर वाटलं तर वर्षाला दोन हजार. गाडी काढून टाकायला हे कारण पुरत नाही.

एक मात्र करू नका. तारीख उलटून गेल्यावर "गावातल्या गावातच तर फिरतो" म्हणून गाडी तशीच चालवू नका. नोंदणी संपलेल्या गाडीच्या अपघातात विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. समोरच्याची भरपाई मग तुमच्या वावरावर येते.

चुकीचा हिशेब आणि बरोबर हिशेब

गाडीबद्दल सगळीकडे एक नियम सांगतात: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीवर गेला की गाडी काढा. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण तो दोन भलत्याच गोष्टींची तुलना करतो. आजारी बैलाला डॉक्टर आणला तर त्याचं बिल आपण बैलाच्या बाजारभावाशी ताडून पाहतो का? हा बैल नाही तर त्याच्या जागी दुसरा आणायला काय पडेल आणि तो किती वर्षं ओढेल, हे पाहतो. गाडीलाही तोच न्याय लावायचा. प्रश्न असा ठेवायचा: पुढचं एक वर्ष ही गाडी ठेवायला मला किती लागेल, आणि तिच्या जागी दुसरी आणली तर त्याच एका वर्षाला किती लागेल? एकाच वर्षाचं पाहायचं. जन्मभराचा निर्णय आज घ्यायची गरज नाही, पुढच्या वर्षी वही पुन्हा उघडता येते.

यात एक खर्च असा आहे जो खिशातून जाताना दिसत नाही, म्हणून माणसं तो धरतच नाहीत. तो म्हणजे घसारा. गाडी नुसती दारात उभी असली तरी तिची किंमत उतरत राहते. साडेसहा लाखांची नवी गाडी पाच वर्षांनी साडेतीन लाखांना विकली गेली, तर तीन लाख कोणीतरी भरलेच ना? ते तुम्ही भरले, फक्त पावती मिळाली नाही. जुन्या गाडीचं उलटं असतं. तिची किंमत आधीच उतरून बसलेली असते, आता तिला फारसं उतरायला जागा नसते.

माझी वही अशी होती. गाडी २०१० ची, बाराशे सीसीच्या आतली, पेट्रोल. वर्षाला पाचेक हजार किलोमीटर चालते.

जुनी ठेवली तर: आज तिला नव्वद हजार येतात, वर्षाने पंचाहत्तर येतील, म्हणजे घसारा पंधरा हजार. दुरुस्तीसाठी गेल्या तीन वर्षांच्या पावत्या काढल्या. अकरा हजार, चौतीस हजार, एकोणीस हजार. सरासरी एकवीस हजारांच्या वर जाते, मी पंचवीस धरले. थर्ड पार्टी विमा हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला ३,४१६ रुपये आणि वर जीएसटी. इतर धरून साडेचार हजार. पासिंगचे दोन हजार. बेरीज ४६,५००.

नवी आणली तर: घसारा पाच वर्षांच्या सरासरीने साठ हजार. खरं तर पहिल्या वर्षी याहून जास्त उतरतो, पण नव्या गाडीवर अन्याय नको. साडेसहांपैकी पाच लाख कर्ज, साडेनऊ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. महिन्याची किस्त साडेदहा हजार, आणि पाच वर्षांत व्याज जातं एक लाख तीस हजार, म्हणजे वर्षाला सव्वीस. हातचे दीड लाख भरले ते बँकेत राहिले असते तर त्यावर दहा हजार मिळाले असते, तेही धरायचे. पूर्ण विमा अठरा हजार. सर्व्हिसिंग सहा हजार. बेरीज एक लाख वीस हजार.

आता पेट्रोल. "नवी गाडी ॲव्हरेज देते, तिचा पैसा त्यातच निघतो" हे शोरूममध्ये हमखास ऐकवतात. माझी चौदा देते, नवी एकोणीस देईल असं धरू. पाच हजार किलोमीटरला फरक पडतो ९४ लिटरचा. एकशे पाचच्या भावाने ९,८७० रुपये. इतकंच. म्हणजे नवी गाडी शेवटी वर्षाला एक लाख दहा हजारांना पडते आणि जुनी साडेसेहेचाळीसला. मधे त्रेसष्ट हजारांची दरी आहे. दर वर्षी पंचवीस हजार दुरुस्तीला आणि त्याच्यावर आणखी त्रेसष्ट हजार घातले, तर कुठे जुनी आणि नवी बरोबरीत येतात. एवढ्यात तर मिस्त्री इंजिन बांधून देतो, आणि इंजिन दरवर्षी बांधावं लागत नाही.

हा हिशेब माझा आहे, सगळ्यांचा नाही. आमच्या ओळखीत एक बियाण्यांचा वितरक आहे. पांढरकवडा, वणी, हिंगणघाट करत वर्षाला वीस हजार किलोमीटर मोडतो. त्याच्या वहीत पेट्रोलचीच बचत चाळीस हजारांच्या घरात जाते. जुन्या गाडीची दुरुस्ती साठ हजारांवर जाते, कारण टायर, क्लच, ब्रेक सगळंच चौपट वेगाने झिजतं. नवीचा घसारा आणि सर्व्हिसिंगही वाढतं, तरी त्याची जुनी साधारण ऐंशी हजारांना पडते आणि नवी लाखाच्या थोडी आत. हंगामात गाडी दोन दिवस मिस्त्रीकडे उभी राहिली की तेवढा फरक धंद्यातच बुडतो. त्याने नवी घेतली ते बरोबरच केलं. गाडीचं वय त्याच्या आणि माझ्या गाडीचं सारखंच होतं. फरक किलोमीटरचा.

आणि वर्षाला हजार-दीड हजारच किलोमीटर होत असतील, तर जुनी गाडीसुद्धा महाग पडते, हेही वहीत दिसतं. विमा, बॅटरी, घसारा हे खर्च चाक फिरो न फिरो होतातच. अशा घराने गावातली भाड्याची गाडी सांगावी आणि अंगण मोकळं ठेवावं. पण हे कोणाला पटत नाही. दारातली गाडी ही नुसती गाडी नसते, हे मलाही कळतं; मुलीच्या सोयरिकीला पाहुणे येतात तेव्हा ती अंगणात दिसावी लागते.

झीज वेगळी, म्हातारपण वेगळं

माणसं गाडीला कधी कंटाळतात? लागोपाठ दोन-तीन खर्च आले की. एप्रिलमध्ये बॅटरी, जूनमध्ये टायर, ऑगस्टमध्ये क्लच. "आता हे खायलेच लागली" म्हणून विकून मोकळे होतात. पण टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक पॅड, शॉकअप, बुश ही खाणारीच माणसं आहेत. ती तीन वर्षांच्या गाडीतही खातात. नव्या गाडीलाही चाळीस-पन्नास हजार किलोमीटरवर टायर लागतातच. त्यांचा खर्च म्हणजे गाडी म्हातारी झाल्याची खूण नव्हे.

याच्या उलट चूकही तेवढीच होते. "मागच्या महिन्यातच चौदा हजारांचे टायर टाकले, आता कशी विकू?" ते चौदा हजार गेले. गाडी ठेवली तरी ते परत येत नाहीत, विकली तरी येत नाहीत. विचार इथून पुढच्या खर्चाचा करायचा. पेरणी उलटल्यावर पहिल्या बियाण्याचे पैसे आठवत दुबार पेरणीचा निर्णय घेत नाहीत. पुढे पाऊस किती आणि दिवस किती उरले ते पाहतात.

खरं म्हातारपण तीन ठिकाणी बघायचं.

पहिलं इंजिन. सकाळी गाडी सुरू केल्यावर मागे जाऊन धूर बघा. निळसर असेल तर इंजिन ऑइल जाळतं आहे. पांढरा, गाडी तापल्यावरही न थांबणारा आणि गोडसर वासाचा असेल तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आत शिरतो आहे, हेड गॅस्केट गेलेलं असू शकतं. काळा असेल तर घाबरायचं कारण कमी. पेट्रोल जास्त जातं आहे, ते बहुतेक वेळा फिल्टर, प्लग, सेन्सरवर निपटतं. निळा धूर दिसला की मिस्त्रीला प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजायला सांगा. आकडे सारखे आले तर धीर धरा, एखादा खूपच खाली असेल तर इंजिन बांधायचा अंदाज घ्या आणि तो आकडा वहीत लिहा. गाडीला टायमिंग बेल्ट आहे की चेन, तेही विचारून ठेवा. मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत बेल्ट आहे. तो रबराचा पट्टा किलोमीटरप्रमाणे आणि वर्षांप्रमाणेही संपतो, आणि चालू गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. तीन-चार हजारांचं काम टाळलं की तीस-चाळीस हजारांचं दारात येतं.

दुसरा पत्रा. इथे आपण विदर्भवाले नशीबवान आहोत. कोकणात दमट, खारी हवा गाडीचा पत्रा आतून खाते. आपल्या कोरड्या हवेत पंधरा वर्षांची गाडीही खालून बऱ्यापैकी धड सापडते. पण आपण आपलंच मीठ आणून घालतो. पोटॅशच्या थैल्या डिकीत टाकून आणल्या आहेत ना कधी? शेतात घालतो ते पोटॅश बहुतेक पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे मिठाचाच सख्खा भाऊ. थैलीला बारीक भोक पडतं, खत गालिच्याखाली जातं, पावसाळ्यात ओल धरतं आणि लोखंड खातं. माझ्या डिकीचा तळ मी गालिचा उचलून पाहिला तेव्हा स्टेपनीच्या खोलगट जागेत बोट आरपार गेलं. ते वेल्डिंगने भागलं. पण दरवाजांखालची पट्टी, मधला सांगाडा, शॉकअप जिथे वर बोल्टने बसतात ती जागा सडली असेल, तर वहीतलं गणित तिथेच संपतं. त्यावर पत्रा चिकटवून रंग मारता येतो, ताकद भरता येत नाही. काळ्या मातीचा चिखलही असाच. पांदण रस्त्याने वावरात गेलं की तो चाकांच्या वरच्या खोबणीत जाऊन बसतो आणि आठवडाभर ओला राहतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खालून जोराने पाणी मारलं तरी पुरे.

तिसरी वायरिंग, आणि हिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आमची गाडी गुरांच्या कोठ्याला लागून उभी राहते. ढेपेच्या वासाने उंदीर येतात आणि बोनेटखाली उबेला बसून तारा कुरतडतात. एक वायर जोडली की पुढच्या महिन्यात दुसरी. आज हॉर्न नाही, उद्या पंखा नाही. कुठे नेमकं तुटतं आहे ते मिस्त्रीलाही सापडेना झालं, की समजा पूर्ण हार्नेस, म्हणजे तारांची अख्खी जुडी, बदलायची वेळ आली. जुन्या मॉडेलचा हार्नेस मिळतो का, हा तिथे खरा प्रश्न होतो. कंपनीने ते मॉडेल बंद करून किती वर्षं झाली यापेक्षा तिचं सामान तालुक्याच्या, निदान जिल्ह्याच्या दुकानात मिळतं का, हे पाहा. बाजारात भरपूर खपलेली गाडी असेल तर सामान वर्षानुवर्षं मिळतं. एखादं फॅन्सी मॉडेल, जे गावात एकट्यानेच घेतलं होतं, त्याचा हेडलाइट नागपूरहूनही आठ दिवसांनी येतो.

उन्हाळा

विदर्भात गाडीचं वय कॅलेंडरवर मोजू नये, उन्हाळ्यांत मोजावं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो; ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला दरवर्षी देशाच्या यादीत वर असतात. बंद गाडीच्या आत आणि बोनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. बॅटरीतली रासायनिक झीज उष्णतेने वाढते; तापमान दहा अंशांनी चढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा ठोकताळा आहे. म्हणून पुण्यात पाच वर्षं चालणारी बॅटरी इथे तीन वर्षांत हात टेकते. रबराचे होज कडक होऊन चिरतात, डॅशबोर्ड तडकतो. बाभळीखाली उभी केलेली आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभी केलेली, एकाच साली घेतलेल्या दोन गाड्या दहा वर्षांनी वेगळ्या वयाच्या दिसतात.

एक मूर्खपणा माझ्याच हातून झाला. रेडिएटरमध्ये कुलंट कमी दिसला की मी बोअरचं पाणी ओतायचो. पाणी ते पाणी, असं वाटायचं. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं ते चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला दिसतं. तीच पांढरी पुटं रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरली. वडकीच्या पुढे मोठ्या रस्त्यावर, भर मे महिन्यात, काटा लालमध्ये गेला. तरी मी "पांढरकवडा तर आलाच" म्हणत आणखी थोडं रेटलं. हेड वाकलं. ती चौतीस हजारांची पावती याची आहे. गाडीचा त्यात काडीचा दोष नव्हता. म्हणून तीन वर्षांची सरासरी काढताना त्यातला मूर्खपणाचा भाग वेगळा केला तर माझी गाडी आणखी स्वस्त पडते, पण मूर्खपणा पुन्हा होणार नाही अशी हमी कोण देणार. धरूनच ठेवला.

पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलबद्दलही लोक विचारतात. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या कारचं ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज होता. चौदाचं तेरा, एवढंच समजा. रबराचे काही होज आणि सील लवकर बदलावे लागू शकतात. त्रास जास्त होतो तो महिनोनमहिने उभ्या गाडीला, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं गाडी फिरवून आणा, आणि पंधरा दिवस हलणारच नसेल तर टाकी पार रिकामी ठेवू नका.

जे वहीत बसत नाही

मुलाचं म्हणणं मी आधी हसण्यावारी नेलं होतं. मग त्याने एक प्रश्न विचारला: "आईला घेऊन नागपूरला येताना समोरून ट्रक आला तर तुमच्या गाडीत काय आहे?" काहीच नाही. एअरबॅग नाही, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. एबीएस एप्रिल २०१९ पासून, तर चालकासाठी एअरबॅग आणि सीटबेल्टची सूचना जुलै २०१९ पासूनच्या प्रत्येक नव्या कारमध्ये सक्तीची झाली, पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग २०२१ च्या अखेरीला. समोरून धडकेची चाचणीही सगळ्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. हे मिस्त्रीला सांगून बसवून घेता येत नाही. त्रेसष्ट हजारांच्या दरीत ही एक गोष्ट पैशाने मोजायची म्हटली तर माझ्याकडे माप नाही.

यावर मी तोडगा काढला तो अर्धामुर्धा आहे. समृद्धी महामार्ग आपल्या नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा जिल्ह्यांतून जातो, कारला ताशी १२० ची मर्यादा आहे. तिथे ही गाडी नेत नाही. सिमेंटचा तापलेला रस्ता, तासन्तास एकसारखा वेग आणि जुने टायर ही तीन एकत्र येऊ द्यायची नसतात. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा-सात उन्हाळे खाल्लेलं रबर आतून कडक झालेलं असतं. नक्षीची खोली कमीत कमी १.६ मिलिमीटर हवी, तेवढ्या उंचीच्या बारीक गाठी खोबणीत दिलेल्याच असतात. टायर झिजून त्यांना टेकला की तो संपला. लांब जायचं तर भाड्याची नवी गाडी करतो. वर्षातून चार-पाच वेळा. त्रेसष्ट हजारांतून ते भाडं निघून वर भरपूर उरतं.

दुसरी गोष्ट रात्रीची. गावातल्या गाडीचं खरं काम लग्न-बारसं नसतं. रात्री दीडला आईच्या छातीत दुखायला लागलं तर सेवाग्राम किंवा सावंगीचा दवाखाना गाठायचा, हे तिचं काम. १०८ ला फोन करायचाच, पण रुग्णवाहिका दुसऱ्या गावी गेलेली असली तर अंगणातल्या गाडीचा सेल्फ पहिल्या फटक्यात लागला पाहिजे. म्हणून महिन्याला किती खर्च होतो यापेक्षा वर्षभरात ती कितीदा ऐनवेळी अडली, याची वेगळी रेघ वहीत मारतो. मिस्त्रीकडे आपल्या पायाने गेली तर ती दुरुस्ती. ट्रॅक्टरला बांधून गेली तर ते अडणं. गेल्या तीन वर्षांत माझी गाडी एकदाच ट्रॅक्टरला बांधली गेली. वर्षात दोनदा झालं तर मी पैशाचा हिशेब न पाहता काढणार, हे घरात सांगून ठेवलं आहे.

भावाचा मुद्दा शेवटी सांगतो, कारण तो शोरूमवाले कधी काढत नाहीत. मला पगार आहे. महिन्याला किस्त कापली गेली तर चिमटा बसतो, एवढंच. त्याचं सोयाबीन ऑक्टोबरात येतं, कापूस दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत. जून-जुलैत बियाणं, खत, फवारणी, मजुरी; घरात येत काहीच नाही, नुसतं जात असतं. किस्त मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला. मृगाच्या ऐन हातघाईत साडेदहा हजार काढायचे म्हणजे कृषी केंद्राची उधारी वाढवायची, आणि ती उधारी बँकेच्या साडेनऊ टक्क्यांनी मिळत नाही. तीच गाडी त्याला माझ्यापेक्षा महाग पडते. त्याने घ्यायचीच तर पाच-सहा वर्षांची, २०२० च्या पुढची सेकंड हँड, कापूस विकल्यावर रोखीने. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून वापरलेल्या गाड्यांचा भाव पाडून मागायला घेणाऱ्याच्या हाती जोर आला आहे. मोठा घसारा पहिल्या मालकाने भरलेला असतो आणि एअरबॅगही मिळते. मला स्वतःला हाच मार्ग सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, फक्त घ्यायच्या आधी गाडी आपल्या मिस्त्रीला दाखवायची, विकणाऱ्याच्या नाही.

गाडी काढायचीच ठरली तर दोन वाटा आहेत. पासिंग शिल्लक असलेली चालती गाडी विकायची, आणि विकल्यावर फॉर्म २९, ३० भरून नाव उतरल्याची खात्री होईपर्यंत मागे लागायचं. कागद राहिला तर गाडी कोणाच्याही हातात असो, चालान आणि पोलीस तुमच्या दारात येतात. किंवा नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यायची. २०२१ च्या धोरणात भंगाराची किंमत त्या दर्जाच्या नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के धरली आहे. जमा केल्याचं प्रमाणपत्र दाखवलं की नव्या खासगी गाडीच्या रस्ता करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे, नोंदणी फीही माफ. साध्या भंगारवाल्याला देऊन हे काहीच मिळत नाही, आणि आरसी तुमच्याच नावावर जिवंत राहते.

मी पासिंग करून आणलं. परत येताना मिस्त्रीकडे थांबलो, ब्रेक ऑइल बदलायचं होतं. ते हवेतली ओल धरतं, दोन वर्षांत बदलावं लागतं. त्याने खालून सगळं पाहिलं, टायर ठोकून बघितले. मी वहीतला आकडा त्याला सांगितला. तो म्हणाला, "एवढा हिसोब कायले करता सर. इकाची असली त दुसऱ्याले नोका देऊ. नव्वद मी देतो, आजच."

विकली नाही.